दादा, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर कोणता घेऊ?

मंडळी, या शनिवारचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण जे आयटीत नाहीत त्यांनी लगेच पान बंद करू नका. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस आता महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही, आणि आजचा लेख त्या वाक्याबद्दलच आहे.

निमित्त झालं ते एका फोनचं. फोन तळेगावचा. तळेगाव म्हटलं की पुणेकरांना दाभाडेच आठवतं, पण हे आमचं वर्धा जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत). नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. एसटीचं आगार, रस्त्याला लागून ढाबे, आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी आणि सोयाबीन. तिथला एक ओळखीतला मुलगा नागपुरात इंजिनिअरिंग करून गावी परतलाय आणि त्याने एका संत्रा व्यापाऱ्याचं काम घेतलंय. बागेतून आलेल्या मालाचं वजन, प्रतवारी, गाडीभाडं, शेतकऱ्याला दिलेला इसार, राहिलेली रक्कम, हे सगळं ब्राउझरमधून नोंदवायचं. तळेगाव, आष्टी, कारंजा आणि वरूड अशा चार ठिकाणी मिळून पंधरा-वीस माणसं वापरणार.

त्याचा प्रश्न असा : "दादा, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर कोणता घेऊ? टॉमकॅट, वाइल्डफ्लाय का वेबलॉजिक? नेटवर पाहावं तर जो तो आपलाच चांगला म्हणून राह्यला."

फोनवर मी एका ओळीत उत्तर दिलं : "टॉमकॅट घे, तोही स्प्रिंग बूटच्या पोटातला." तो म्हणाला, "बस? इतकंच?" त्याचा आवाज जरा पडलेला वाटला :) मोठ्या नावाचं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असावी. म्हणून हे लांबलचक उत्तर. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. महामार्गावरचा ढाबा डोळ्यासमोर आणा. दारात उभा राहून "या साहेब, इकडे बसा" म्हणणारा माणूस म्हणजे वेब सर्व्हर. ऑर्डर घेऊन आत-बाहेर धावणारे वेटर म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचे थ्रेड. आणि भटारखाना म्हणजे डेटाबेस. गिऱ्हाईक कधी आत जाऊन भाजी करत नाही, आणि आचारी कधी बाहेर येऊन वाढत नाही. मधली सगळी धावपळ जो सांभाळतो तो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. तुमचा प्रोग्रॅम त्याच्या छपराखाली चालतो.

आता इतका साधा प्रकार असताना निवडीचा एवढा गोंधळ का? त्याला इतिहास आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये सन कंपनीने जे२ईई नावाचं प्रमाण जाहीर केलं. मोठ्या बँका, विमा कंपन्या, टेलिफोन कंपन्या यांना लागेल ते सगळं त्यात होतं : व्यवहारांचं व्यवस्थापन, निरोपांच्या रांगा, दूरच्या यंत्रावरचे ऑब्जेक्ट, आणि ते प्रसिद्ध (की कुप्रसिद्ध?) ईजेबी. वेबलॉजिक आणि वेबस्फिअर ही त्यातली बडी नावं. लायसन्स प्रोसेसर मोजून, आणि बिल डॉलरमध्ये. त्याच वर्षी सनने आपला सर्व्हलेट चालवणारा छोटा प्रोग्रॅम अपाची फाउंडेशनला देऊन टाकला, तो टॉमकॅट. आणि त्याच सुमारास मार्क फ्लरी यांनी जेबॉस सुरू केला, पूर्ण जे२ईई सर्व्हर, पण फुकट.

तेव्हा आमच्या धंद्यात एक समजूत होती. टॉमकॅट म्हणजे शिकाऊ लोकांचं खेळणं, 'एंटरप्राइझ' काम करायचं तर मोठा सर्व्हर पाहिजे. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला रॉड जॉन्सन यांनी. २००२ सालच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिलं की बहुतेक कामांना ईजेबीची गरजच नसते. त्यातूनच पुढे स्प्रिंग आलं, २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि गंमत म्हणजे सगळं उलटं झालं. आधी सर्व्हरच्या आत प्रोग्रॅम ठेवायचे, आता प्रोग्रॅमच्या आत सर्व्हर ठेवतात. एक जार फाइल, एक आज्ञा, झालं सुरू.

असो. इतिहास पुरे. आता हिशोब करू, कारण नेटवरच्या भांडणात हिशोब कोणीच करत नाही.

आपल्या व्यापाऱ्याची वीस माणसं आहेत असं धरा. ऐन आंबिया बहाराचा हंगाम, ऑक्टोबर-नोव्हेंबर, संध्याकाळी गाड्या भरायची वेळ. सगळे एकदम कामाला लागलेत. एक नोंद टाइप करायला माणसाला अर्धा मिनिट तरी लागतोच. म्हणजे मिनिटाला ४० नोंदी. एका नोंदीमागे सर्व्हरला चार वेळा हाक मारली तरी मिनिटाला १६०. म्हणजे सेकंदाला तीनसुद्धा नाही! आजचं सगळ्यात स्वस्त भाड्याचं यंत्र घेतलं तरी त्यावरचा टॉमकॅट असल्या साध्या विनंत्या सेकंदाला शेकड्याने उरकतो. मग 'अमुक सर्व्हर तमुकपेक्षा तीस टक्के वेगवान' या तक्त्याचा आपल्याला उपयोग काय? तळेगावहून कारंज्याला जायला कोणी विमानाचा वेग विचारत नाही.

"पण दादा, मग सर्व्हर हँग का होतात?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि हा खरा प्रश्न आहे.

पुन्हा ढाब्यावर चला. टॉमकॅटमध्ये काहीही न बदलता २०० थ्रेड असतात, म्हणजे २०० वेटर. स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसकडे जाणारे जे जोड असतात ते, काही न बदलता, १०. म्हणजे भटारखान्याच्या खिडक्या दहा. एका प्रश्नाचं उत्तर डेटाबेस सेकंदाच्या विसाव्या भागात देत असेल, तर एका खिडकीतून सेकंदाला २०, दहा खिडक्यांतून २०० उत्तरं. झकास. आता समजा शेतकऱ्याच्या नावाने शोधायच्या रकान्यावर इंडेक्स टाकायचा राहिला. पहिल्या वर्षी कळत नाही, नोंदी थोड्या असतात. तिसऱ्या हंगामात नोंदी लाखांवर गेल्या की तोच प्रश्न पाच सेकंद घेतो. आता दहा खिडक्यांतून सेकंदाला फक्त दोन उत्तरं! वर आपण हिशोब केला तो सेकंदाला जवळजवळ तीनचा होता. म्हणजे रांग वाढत जाणार, वेटर हात बांधून उभे, तीस सेकंद वाट पाहून एकेक विनंती चूक दाखवून परत येणार. आणि वरूडला बसलेला माणूस फोन करून सांगणार, "सर्व्हर डाउन हाय भाऊ."

सर्व्हर डाउन नव्हता. टॉमकॅट बिचारा ठणठणीत होता. इथे वेबलॉजिक आणून ठेवला असता तरी हेच झालं असतं, फक्त खर्च वाढला असता. ढाब्यावर आणखी पन्नास वेटर नेमले म्हणून तंदुरीतून रोट्या जास्त निघत नाहीत.

दुसरं कारण असतं शेवटच्या तारखेचं. आपल्या राज्यातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१७ सालचं. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज भरायचे होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशासकट. शेवटची तारीख आधी १५ सप्टेंबर होती, मग ती २२ सप्टेंबर झाली. केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा, सर्व्हर चालत नाही म्हणून परत जाणारी माणसं, अशा बातम्या त्या दिवसांत सतत यायच्या. आपल्यासारख्यांना पडद्यावर गोल फिरताना दिसतं आणि आपण चहा प्यायला उठतो. रांगेतल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी गेलेली असते, एसटीचं भाडं गेलेलं असतं, आणि उद्या पुन्हा यायचं असतं. त्याच्या लेखी 'रिस्पॉन्स टाइम' दोन दिवसांचा असतो.

अशी गर्दी कुठल्या ब्रँडच्या सर्व्हरने थोपवता येत नाही. रेल्वेने तत्काळ तिकिटांच्या गर्दीसाठी २०१४ मध्ये आरक्षणाची नवी यंत्रणा आणली, तेव्हा मिनिटाला २००० तिकिटांवरून ७२०० वर क्षमता गेल्याचं सांगितलं गेलं. ती यंत्रणाच नव्याने उभारावी लागली, नुसतं सर्व्हरवरचं नाव बदलून भागलं नाही. लहान कामात तर याहून सोपी युक्ती आहे. अर्ज आला की तो तपासत बसू नका. आधी टिपून घ्या, पावती क्रमांक द्या, माणसाला घरी जाऊ द्या. तपासणी रात्री करा. हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात आहे, सर्व्हर विकणाऱ्याच्या नाही.

मग निवडताना बघायचं तरी काय? माझं मत स्पष्ट आहे. तो बंद पडला तर सुरू कोण करणार, हा पहिला प्रश्न. बाकी सगळे त्यानंतर.

आपल्या व्यापाऱ्याकडे आयटी विभाग नाही. एक मुनीमजी आहेत, आणि हा मुलगा आहे. मुलगा उद्या लग्नाला अकोल्याला गेला, आणि मे महिन्यातल्या वादळाने चार तास वीज गेली, तर? सर्व्हर दुकानात असेल तर वीज आल्यावर तो आपोआप सुरू व्हायला हवा. झाला नाही तर मुनीमजींना फोनवर "हे एवढं टाइप करा" असं सांगून सुरू करता यायला हवा. टॉमकॅटच्या बाबतीत हे एका ओळीत सांगता येतं. मोठ्या सर्व्हरमध्ये अ‍ॅडमिन सर्व्हर वेगळा, मॅनेज्ड सर्व्हर वेगळे, नोड मॅनेजर वेगळा. आधी काय सुरू करायचं आणि मग काय, हे सांगेपर्यंत फोनची बॅटरी संपायची. (यंत्र दुकानात ठेवण्यापेक्षा भाड्याचं घेणं बरं, असं माझं मत. पण तळेगावात इंटरनेट गेलं तर वजनाची पावती कागदावर फाडायची सोय ठेवा. शेतकऱ्याच्या मालाचं वजन सर्व्हरसाठी थांबता कामा नये. पावती नाही मिळाली की आकड्यावरून वाद होतो, आणि त्या वादात शेतकरीच हरतो.)

दुसरा प्रश्न, त्याला अद्ययावत कोण ठेवणार? हा फार दुर्लक्षिलेला प्रश्न आहे. २०२० च्या फेब्रुवारीत टॉमकॅटमध्ये 'घोस्टकॅट' नावाचं भोक सापडलं. ८००९ या पोर्टवर एजेपी नावाचा जोड मुळातच चालू असायचा, तो बहुतेकांना लागायचा नाही आणि बंद करायचं कोणाच्या लक्षात यायचं नाही. त्यातून बाहेरच्याला सर्व्हरवरच्या फाइली वाचता यायच्या. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये लॉग४जे प्रकरण झालं, ते तर जगभर गाजलं. म्हणजे 'एकदा बसवला की विसरलं' असा सर्व्हर अस्तित्वातच नाही. जितके भाग जास्त, तितकी भोकं जास्त, आणि ती बुजवायचं काम तितकं जास्त. जो भाग वापरत नाही तो बसवूच नये, याहून चांगली सुरक्षा मला माहीत नाही.

तिसरा प्रश्न, उद्या यातून बाहेर पडता येईल का? आमच्या विदर्भातल्या लोकांना हे समजावायला पुस्तक लागत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आठवा. रूळ एका खाजगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार भारतीय रेल्वे, आणि वापराचे पैसे त्या कंपनीला. इंग्रज गेले तरी करार राहिला. रूळ सुधारायचे कोणी, या प्रश्नात कित्येक दशकं गेली. सर्व्हरचंही असंच होतं. एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधल्या खास सोयी वापरून प्रोग्रॅम लिहिला की रूळ त्यांचे आणि गाडी तुमची.

आणि कंपन्या तर बदलतच राहतात. वेबलॉजिकची बीईए २००८ मध्ये ओरॅकलने घेतली. जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटने घेतला, २०१४ मध्ये त्याच्या फुकट आवृत्तीचं नावच बदलून वाइल्डफ्लाय झालं. खुद्द सन २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. सनच्या ग्लासफिशवर ज्यांनी भिस्त ठेवली होती त्यांना २०१३ मध्ये कळलं की पुढच्या आवृत्तीला कंपनीचा सशुल्क आधार मिळणार नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे नावाचा खेळ. जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, त्याचं जकार्ता ईई झालं, आणि २०२० च्या अखेरीस पॅकेजची नावं 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झाली. टॉमकॅट ९ वर चालणारा प्रोग्रॅम जसाच्या तसा टॉमकॅट १० वर चालत नाही, तो याच कारणाने. तेव्हा माझ्या तळेगावकर मित्रा, नवीन काम सुरू करतोयस तर 'जकार्ता' नावांनीच सुरू कर. जुन्या लेखांतला कोड उचललास तर पहिल्याच दिवशी अडशील.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल हा टॉमकॅटचा एजंट आहे :) मोठ्या सर्व्हरची खरी गरज असते अशी कामं आहेत. एकाच व्यवहारात दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये पैसे वळते करायचे आणि मधेच वीज गेली तरी एकात जमा, दुसऱ्यात नावे असं अर्धवट राहता कामा नये, तिथे जेटीए लागतं. बँकेची मुख्य प्रणाली, जिथे रात्री दोन वाजता कंपनीच्या माणसाला उठवायचा हक्क करारात लिहिलेला असावा लागतो, तिथे त्या कराराचे पैसे मोजणं शहाणपणाचंच आहे. ज्या ऑफिसात दहा वर्षं वेबस्फिअर सांभाळणारी माणसं आहेत, तिथे उगाच नवीन आणून त्यांचं शहाणपण वाया घालवू नये. म्हणजे तिथेही प्रश्न तोच आहे : सांभाळणार कोण?

आणि जावाच हवं असंही नाही. त्या मुलाला जावा येतं म्हणून मी टॉमकॅट म्हटलं. पीएचपी येत असेल तर एनजिनेक्सच्या मागे पीएचपी-एफपीएम, पायथन येत असेल तर गनिकॉर्न. फक्त तिथेही न बदललेले आकडे एकदा डोळ्यांखालून घाला. डेबियन-उबुंटूवर पीएचपी-एफपीएम सुरुवातीला पाचच कामगार देतो, आणि गनिकॉर्न काही न सांगता एकच. एका वेटरचा ढाबा. मग लोक म्हणतात पायथन स्लो आहे!

तर थोडक्यात काय, माझ्या तळेगावकर मित्रासाठी यादी :

१. जी भाषा येते तिच्यातला सगळ्यात साधा सर्व्हर घे.

२. थ्रेड किती, डेटाबेसचे जोड किती, हे दोन आकडे कागदावर लिहून भिंतीला लाव. सर्व्हर अडला की आधी त्या कागदाकडे बघ.

३. रोज शोधायच्या प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाक. आणि लाखभर खोट्या नोंदी भरून आत्ताच तपासून घे, तिसऱ्या हंगामाची वाट बघू नकोस.

४. वीज जाऊन आली की सर्व्हर आपोआप उठतो का, हे प्लग काढून बघ. खरोखर काढून.

५. नको ते पोर्ट बंद कर. महिन्यातून एक दिवस अपडेटसाठी ठरव. अमावस्या धर हवं तर, लक्षात राहील.

६. रोजच्या नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी गेलीच पाहिजे. सर्व्हर पुन्हा बसवता येतो, शेतकऱ्याच्या इसाराची नोंद पुन्हा बसवता येत नाही.

७. सुरू कसा करायचा ते मराठीत, मोठ्या अक्षरात, मुनीमजींना कळेल असं लिहून ठेव.

या यादीत सर्व्हरच्या निवडीला एकच ओळ मिळाली आहे, आणि ते मुद्दामच आहे. आम्ही इंजिनिअर लोक त्या एका ओळीवर महिनाभर भांडतो आणि उरलेल्या सहा ओळी 'नंतर बघू' म्हणून सोडून देतो. मग खिडकीपलीकडून कोणीतरी म्हणतं, "उद्या या." ते वाक्य ऐकणारा माणूस कधी टॉमकॅट की वेबलॉजिक असं विचारत नाही. तो फक्त एवढंच विचारतो, "उद्या तरी होईल ना?"

तुझ्या सॉफ्टवेअरमुळे हे विचारायची वेळ कोणावर आली नाही, तर समज की सर्व्हर बरोबर निवडलास.